डाळिंबाच्या बाटलीत जिवाणू : डाग कुठे उठलाय ते आधी बघा

आटपाडी-जतच्या बागेतून भगवा या डाळिंबाच्या वाणाची फांदी तोडून थेट टिश्यू कल्चर लॅबमध्ये (जिथे फांदीच्या तुकड्यापासून बंद बाटलीत रोपं वाढवतात) आणली, तर बाटल्या नासणारच. पावसाळ्यात तर हमखास. म्हणून तेल्या (जिवाणूमुळे होणारा डाळिंबाचा रोग) नसलेल्या बागेतलं मातृझाड निवडा, त्याची रोपं शेडनेटमध्ये कुंडीत वाढवा, पाणी बुडाशीच घाला. पानं भिजली की जिवाणूला वाट मिळते. नवी फूट कोरड्या हवेत काढा.

दीड-दोन सेंटिमीटरची पेरं (डोळा असलेले फांदीचे तुकडे) अर्धा तास वाहत्या नळाखाली ठेवा, मग ट्वीनचे (साबणासारखं द्रावण) दोन-तीन थेंब घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं हलवा. पुढचं काम लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या स्वच्छ कपाटात): 70 टक्के अल्कोहोल 30 सेकंद, 1 टक्का क्लोरीनचं सोडियम हायपोक्लोराइट 10 मिनिटं, शेवटी निर्जंतुक पाण्याने चार धुण्या. हायपोची बाटली जुनी असेल तर क्लोरीन उडालेला असतो. तो न तपासता वेळ वाढवत बसलं की कोवळी फूट पांढरी पडते आणि जिवाणू राहतो तो राहतोच.

आता रोज बाटली उजेडासमोर धरून खालून बघा. पेराभोवती दुधाळ, बुळबुळीत वलय दोन-तीन दिवसांत आलं, तर धुणं कमी पडलं. पेरापासून लांब सुटे ठिपके दिसले, तर हात, हवा किंवा मध्येच लाइट जाऊन बंद पडलेला लॅमिनार. ठिपके ओळीने, चालत गेल्यासारखे? कोळी किंवा फुलकिडे शिरलेत. एका घाण्याच्या (एकाच वेळी तयार केलेल्या) सगळ्याच बाटल्या गढूळ झाल्या, तर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) तपासा: 121 अंश, 15 पौंड, 20 मिनिटं. नुसता पारदर्शक तपकिरी रंग म्हणजे फिनॉल, कापलेल्या पेरातून पाझरणारं द्रव्य; जिवाणू नव्हे. पेर ताज्या मीडियावर (बाटलीतल्या पोषक माध्यमावर) हलवा, टाकू नका.

खरा त्रास आत लपलेल्या जिवाणूचा. तो तिसऱ्या-चौथ्या सबकल्चरला (फुटी कापून नव्या बाटल्यांत लावण्याच्या फेरीला) वर येतो, तोवर चाकूबरोबर शेकडो बाटल्यांत गेलेला असतो. त्यामुळे पहिल्याच सबकल्चरला प्रत्येक फुटीचं बूड कापून न्यूट्रिअंट अगारवर (जिवाणू वाढवून बघायचं माध्यम) घासा, 28 अंशांवर आठवडाभर ठेवा. वाढ दिसली की त्या फुटीपासूनची अख्खी ओळ बाद. सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक (लिटरला 250 मिलिग्रॅम, 0.22 मायक्रॉन फिल्टरमधून गाळून, मीडिया कोमट झाल्यावर) बहुतेकदा जिवाणूला दाबतं, मारत नाही. तो गेला असं समजून बाटल्या वाढवल्या की नुकसान दुप्पट. चाकूचंही तसंच: बॅसिलस जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलमध्ये जगतात, त्यामुळे दर बाटलीनंतर काचमण्यांच्या स्टरिलायझरमध्ये 250 अंशांवर 20 सेकंद चाकू धरा आणि थंड करूनच वापरा.

नासलेली बाटली लॅबमध्ये उघडू नका. झाकणासकट ऑटोक्लेव्ह करा, मग धुवायला द्या.