कॅनडाच्या अटलांटिक प्रांतांत नोकरीवरून पीआर: आधी कंपनी तपासा, मग कागद जमवा

न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या चार प्रांतांत कंपन्यांना माणसं मिळत नाहीत, म्हणून २०१७ मध्ये नोकरीच्या आधारे पीआर, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी, देणारी एक प्रायोगिक योजना आली आणि जानेवारी २०२२ पासून ती अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्राम या नावाने कायम झाली. सोयीसाठी तिला एआयपी म्हणू. यात एक्सप्रेस एन्ट्री या केंद्राच्या पीआर पद्धतीसारखी गुणांची चढाओढ नसते आणि कंपनीला एलएमआयएच्या, म्हणजे परदेशी माणूस घ्यायची गरज सरकारकडे सिद्ध करण्याच्या, फेऱ्यात पडावं लागत नाही. त्या बदल्यात कंपनीलाच आधी प्रांताच्या परीक्षेला बसावं लागतं. ती त्यात पास होत नसेल, तर उमेदवाराचा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला स्कोअर कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

म्हणून पहिली चौकशी कंपनीची. तिच्याकडे त्या प्रांताचं डेझिग्नेशन, म्हणजे एआयपीतून माणसं घेण्याची मान्यता, आहे का, हे मुलाखतीच्या वेळीच विचारा. डेझिग्नेशन मिळवण्यासाठी कंपनीचा त्या भागातला व्यवसाय किमान दोन वर्षं एकाच व्यवस्थापनाखाली सलग चालू असावा लागतो, तिला ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं आणि नवीन कुटुंबांना स्थिरावायला मदत करणाऱ्या सेटलमेंट संस्थेबरोबर काम करण्याची तयारी दाखवावी लागते. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: डेझिग्नेशन प्रांतागणिक वेगळं असतं. हॅलिफॅक्समध्ये ऑफिस आणि मॉन्क्टनमध्ये गोदाम असलेल्या कंपनीला नोव्हा स्कोशियाची मान्यता असली, तरी मॉन्क्टनच्या नोकरीसाठी न्यू ब्रन्सविककडे वेगळा अर्ज करावाच लागतो. कंपनी म्हणाली, ‘करतोय अर्ज’, तर तो मंजूर होईपर्यंत राजीनामा देऊ नका.

आता ऑफर. ती आयएमएम ०१५७ या फॉर्मवर असते. नोकरी पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला किमान ३० तासांची, आणि हंगामी नसलेली हवी. या किनाऱ्यावर मासळी प्रक्रियेचे कारखाने बरेच आहेत आणि त्यातल्या अनेकांचं काम मासेमारीच्या हंगामावर चालतं. वर्षभर नियमित पगारी काम असल्याचं कंपनी दाखवू शकली नाही, तर तिथली ऑफर इथेच अडकते.

ऑफरमधला नॉक कोड, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-यादीतला त्या कामाचा क्रमांक, स्वतः तपासा, कंपनीवर सोडू नका. पाच आकड्यांच्या या कोडमधला दुसरा आकडा म्हणजे टीयर, कामाला लागणाऱ्या शिक्षण-प्रशिक्षणाची पातळी (आकडा लहान तेवढी पातळी वरची), आणि एआयपीमध्ये ० ते ४ एवढेच टीयर चालतात. कुकचा कोड ६३२००, म्हणजे टीयर ३, पात्र. किचन हेल्परचा ६५२०१, म्हणजे टीयर ५, अपात्र. हॉटेलने पद ‘कुक’ लिहिलं आणि कामाच्या वर्णनात भाज्या चिरणं, भांडी आणि साफसफाईच जास्त असली, तर अधिकारी पदाच्या नावाकडे बघत नाही. टीयर ० ते ३ साठी ऑफर पीआर मिळाल्यानंतर किमान एक वर्ष टिकणारी हवी. टीयर ४ असेल तर ती कायमस्वरूपीच हवी, शेवटची तारीख टाकली की संपलं. आणि ऑफर देणाऱ्या कंपनीची बहुसंख्य मालकी तुमची किंवा तुमच्या जोडीदाराची असेल, तर ती ऑफर धरत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ अनुभवाचा होतो. गेल्या पाच वर्षांत १,५६० तासांचं पगारी काम लागतं. आठवड्याला ३० तास धरले तर हे बरोबर एक वर्ष होतं. आठवड्याला ६० तास राबून सहा महिन्यांत आकडा गाठला तरी चालत नाही, कारण हे तास किमान १२ महिन्यांत पसरलेले असावे लागतात. बिनपगारी इंटर्नशिप आणि स्वतःचा धंदा मोजत नाहीत. काम कॅनडात केलेलं असो की बाहेर, फरक पडत नाही. मिळालेली नोकरी मात्र अनुभवाच्या पातळीची किंवा तिच्या वरची हवी. नर्सिंगला सवलत आहे: रजिस्टर्ड नर्स किंवा लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सचा अनुभव नर्स एड किंवा होम सपोर्ट वर्करच्या ऑफरसाठी चालतो. याच चार प्रांतांतल्या मान्य संस्थेतून किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यांना, पदवीआधीच्या दोन वर्षांत किमान १६ महिने तिथे राहिले असतील आणि पदवीनंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करत असतील, तर अनुभवाची अट नाही.

आपल्याकडचं अनुभव प्रमाणपत्र इथे घात करतं. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होते, वर्तणूक समाधानकारक’ एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि रोजची कामं सविस्तर लिहून घ्या. ती कामं नॉकमधल्या मुख्य कामांशी जुळली पाहिजेत, पण त्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. ते लगेच ओळखू येतं. सोबत पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट ठेवा.

भाषेला टीयर ० ते ३ साठी सीएलबी (कॅनडाचं भाषेची पातळी मोजण्याचं माप) ५ आणि टीयर ४ साठी सीएलबी ४ लागतं. आयईएलटीएस जनरल ट्रेनिंगमध्ये सीएलबी ५ म्हणजे ऐकणं ५, वाचन ४, लेखन ५, बोलणं ५. अॅकॅडमिक देऊन पैसे वाया घालवू नका, ती इथे चालत नाही. निकाल दोन वर्षांच्या आतला हवा. शिक्षणाचं मूल्यांकन, म्हणजे ईसीए, पाच वर्षांच्या आतलं. टीयर ० आणि १ साठी बारावीनंतरचा किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम, बाकीच्यांना बारावी पुरते. ईसीए लवकर सुरू करा, कारण विद्यापीठाकडून कागद मिळवण्यात वेळ जातो.

ऑफर हातात आली की सेटलमेंट प्लॅन. सेटलमेंट संस्था तुमच्याशी आणि सोबत येणाऱ्या कुटुंबाशी बोलून घर, शाळा, आरोग्यसेवा यांची यादी बनवून देते. हे मोफत असतं. तो प्लॅन जोडून कंपनी प्रांताकडे एन्डॉर्समेंट, म्हणजे तुमच्या नावाला प्रांताची मंजुरी, मागते. मंजुरी मिळाली की प्रमाणपत्र तुम्हाला येतं आणि त्यावर तुम्ही केंद्राकडे, म्हणजे आयआरसीसी या इमिग्रेशन खात्याकडे, पीआरचा अर्ज करता. प्रमाणपत्रावरची मुदत बघून ठेवा.

सध्या खरी अडचण एन्डॉर्समेंटचीच आहे. प्रांतांचा कोटा मर्यादित आहे आणि २०२५ पासून न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोरमध्ये आधी एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, म्हणजे इच्छा कळवणारी प्राथमिक नोंद, द्यावं लागतं, मग निवड. कोणत्या क्षेत्राला प्राधान्य आहे, हे प्रांत मध्येच बदलतात. त्यामुळे ऑफर घेण्याआधी त्या प्रांताचं पान त्याच आठवड्यात वाचा, वर्षापूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका.

पीआर येईपर्यंत कंपनी थांबू शकत नसेल, तर प्रांताच्या रेफरल लेटरवर वर्क परमिट मागता येतं. त्यासाठी कंपनी एम्प्लॉयर पोर्टलवर ऑफर भरते आणि २३० डॉलर शुल्क भरते. पीआरचा अर्ज मात्र वर्क परमिटच्या अर्जापासून ९० दिवसांत करण्याचं लेखी वचन तुम्हाला द्यावं लागतं. हे परमिट त्याच कंपनीपुरतं असतं. वाटेत कंपनी बदलली तर नवी डेझिग्नेटेड कंपनी, नवी ऑफर आणि नवं एन्डॉर्समेंट, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

पैशांचं म्हणाल तर वैध वर्क परमिटवर आधीच कॅनडात काम करणाऱ्यांना बँकेत शिल्लक दाखवावी लागत नाही, बाकीच्यांना कुटुंबाच्या आकारानुसार दाखवावी लागते. ते २३० डॉलर कंपनीचे आहेत. कोणी ‘एआयपीची ऑफर मिळवून देतो’ म्हणून लाखांत आकडा सांगितला, तर तिथेच थांबा. नोकरी विकणं बेकायदा आहे, आणि उघड झालं तर खोट्या माहितीच्या कलमाखाली अर्जदारावरही पाच वर्षांची बंदी येऊ शकते. सल्लागार घ्यायचाच असेल, तर त्याचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत शोधा. दिसलं नाही तर त्याला एक रुपयाही देऊ नका.