विमान रिकामं असलं तरी ‘हेवी’च

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) एअर रेग्युलेशन या वैमानिकांच्या पेपरला बसणाऱ्यांना लाइट, मीडियम, हेवी हे ‘वेक’चे, म्हणजे विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांसाठीचे, वर्ग नव्यानं सांगायला नको. ७,००० किलोपर्यंत लाइट, त्यावर मीडियम, १,३६,००० किलोपासून हेवी, आणि ए३८० सुपर. एका संध्याकाळी पाठ होतं. मला छळलं ते वेगळ्याच प्रश्नानं: वजन कुठलं?

समजा गोव्यात मोपाला बोइंग ७८७ उतरतंय, निम्म्या सीटा रिकाम्या, टाक्यांत इंधन थोडं. तरी ते हेवीच. आज काट्यावर किती भरलं याला इथे किंमत नाही. प्रमाणपत्रात लिहिलेलं उड्डाणाचं कमाल वजन बघायचं. फ्लाइट प्लॅनच्या नवव्या रकान्यात त्या वर्गाचं अक्षर जातं, पहिल्या रेडिओ संपर्कात कॉलसाइनमागे (ते विमानाचं रेडिओवरचं नाव) ‘हेवी’ म्हणावं लागतं, आणि रडारवर मागच्या मीडियमला ५, लाइटला ६ नॉटिकल मैलांचं अंतर मिळतं. हवाई वाहतूक कंट्रोलरनं दर विमानाचा लोडशीट, म्हणजे आजच्या वजनाचा तक्ता, मागवत बसायचं का?

अप्रोच कॅटेगरीत, म्हणजे उतरायला येतानाच्या वेगावरून पाडलेल्या गटांत, वेगळं वजन धरतात, आणि मी तिथेच अडकले. इथे उतरण्याचं कमाल वजन धरायचं. त्या वजनाला, लँडिंगच्या कॉन्फिगरेशनमध्ये विमान स्टॉल होतं (पंखांची उचल तुटते) तो वेग गुणिले १.३. ९१ नॉटच्या खाली ए, १२० पर्यंत बी, १४० पर्यंत सी, १६५ पर्यंत डी. डीमधलं विमान आज हलकं आहे म्हणून १३५ नॉटनं येत असेल, तरी चार्टवर सीचे मिनिमा (उतरण्यासाठीच्या किमान उंची-दृश्यमानतेच्या मर्यादा) वापरायचे नाहीत. उलट सर्कलिंग करताना, म्हणजे वळसा घालून धावपट्टीवर येताना, वेग वाढवावा लागला तर वरच्या कॅटेगरीचे मिनिमा घ्यायचे. वर जाता येतं, खाली नाही. हे वाक्य वहीत लाल शाईनं लिहा. पेपरातल्या पर्यायांमध्ये ‘आजचं वजन’ दडवलेलं असतं आणि घाईत तेच बरोबर वाटतं.

धावपट्टीच्या कोडमधलं अक्षर तर वजन विचारतच नाही, पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी विचारतं: २४ ते ३६ मीटरच्या आत सी. म्हणून दाबोळीला उतरणारं एटीआर ७२ आणि ए३२० दोन्ही इथे सी, वेकमध्ये दोन्ही मीडियम, पण अप्रोचला एटीआर बी आणि ए३२० सी. रकाने पाडून एवढी दोन विमानं लिहून काढलीत तर अर्धा गोंधळ मिटतो, खरंच. मग आयएनएस हंसा या दाबोळीच्याच नौदल तळावरच्या डॉर्निअर २२८ कडे बघा: कमाल वजन सहा हजार किलोंच्या वर, सात हजारांच्या आत. वेकसाठी लाइट, पण परवान्याच्या नियमांतली ५,७०० किलोची रेषा ओलांडलेलं.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या क्वेश्चन बँकांवर माझा राग आहे. उत्तर देतात, वजन कुठलं ते सांगत नाहीत. ‘पर्याय सी टिक कर, विचार करू नकोस’ म्हणणारे सीनियरही त्यातलेच. त्यांचा चहा प्या, सल्ला नको. एखादी निवृत्त कंट्रोलर ओळखीची असेल तर तिच्याकडे जा. तासाभरात सगळं लख्ख होतं.

आणि हो, आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं २०२० मध्ये वेकसाठी ए ते जी असे सात गटही आणलेत, वजन आणि पंखांची लांबी दोन्ही धरून. ते शेवटी वाचा. पेपरच्या आदल्या रात्री तर मुळीच नको. तेव्हा सगळी अक्षरं एकमेकांत मिसळतात.