ढोलाच्या खोडासाठी घरगुती राउटर टेबल
धुळ्यात मी सागाच्या १६ पट्ट्यांच्या कडा ११.२५ अंशांत तासून, त्या फेविकॉलने जोडून ढोलाचे खोड, म्हणजे पोकळ लाकडी पिंप, बनवतो. परंतु हातातील राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र) अरुंद काठावर डुलत असल्याने तोंडाची ४५ अंशांची कड लाटांसारखी होई आणि पान (ढोलाच्या तोंडावर ताणलेला पडदा) सर्वत्र सारखे टेकत नसे. म्हणून १८ मिमी प्लायवुडला भोक पाडून, त्याभोवती खालून कोरून जाडी ६ मिमी ठेवली, अन्यथा बिट (राउटरचे फिरते पाते) पुरेसा वर येत नाही, आणि राउटर खाली उलटा टांगला. स्क्रूची डोकी फळीत पूर्ण बुडवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण वर राहिलेले एकही डोके खोडाला उचलते. आता सपाट काचेवर ठेवलेल्या खोडात दिवा लावला, तरी कडेखालून उजेड येत नाही. खोड मात्र बिटाच्या फिरण्याविरुद्धच सरकवावे आणि प्रत्येक फेरीत थोडेच लाकूड काढावे.