ओल पेजेटाला सफारीला जाताय? या चुका टाळा

केनियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी मसाई मारा गाठतात. वाट वाकडी करून लायकिपिया भागातल्या ओल पेजेटा या अभयारण्याला जाणारे थोडेच. जगात उरलेल्या उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांच्या शेवटच्या दोन माद्या, नाजिन आणि फातू, इथेच आहेत. इथे राखण आणि संशोधन रोज चालतं, त्यामुळे पाहुण्यांचं वागणंही तसंच हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘सिंह कुठे?’ हा धोशा. ड्रायव्हर बिचारा गाडी पळवत राहतो आणि वाटेतल्या काटेरी बाभळीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तिथे गाडी थांबवा. काट्यांच्या बुडाशी फुगीर, पोकळ गाठी दिसतील, त्यांना बारीक भोकं असतात. वारा सुटला की शिट्टी वाजते. आत मुंग्या राहतात. हत्तीने फांदीला सोंड लावली की त्या मुंग्या सोंडेवर तुटून पडतात. बाहेरून आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांनी या राखणदार मुंग्या मारल्या. मग हत्तींनी झाडं मोडली, रान उघडं पडलं, सिंहांना झेब्र्यांवर दबा धरणं जड जाऊ लागलं आणि ते रानम्हशींकडे वळले. ही साखळी संशोधकांनी ओल पेजेटातच उलगडली. २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सिंह पाहायचाय त्याने आधी हे झाड पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

फोटो हललेले येतात? इंजिन बंद करायला सांगा आणि कॅमेरा खिडकीवर तांदळाच्या पिशवीवर टेकवा. दुपारी उन्हाच्या झळांनी लांबचं चित्र लवलवतं. तेव्हा लेन्स बदलून काही होत नाही, पहाटेच निघा.

सगळे झेब्रे एकच समजू नका. बारीक पट्टे, पांढरं पोट, मोठे गोल कान असलेला तो ग्रेव्हीचा झेब्रा, आता फार कमी उरलेला. त्याची उजवी बाजू टिपा. प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात, आणि केनियात २०१६पासून यांच्या गणनेत सामान्य लोकांनी काढलेले उजव्या कुशीचे फोटो वापरतात.

गेंड्याचा फोटो मात्र ठिकाणासकट लगेच टाकू नका. शिंगासाठी टपलेल्यांना तेवढा माग पुरतो. फोनमधलं लोकेशन आधीच बंद करा. ड्रायव्हरला रस्ता सोडून गाडी आत घालायला सांगणंही तितकंच वाईट.

आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीने स्वेटर घरी ठेवू नका. हा भाग सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे, पहाटे चांगलीच थंडी असते. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या, परतताना भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात.