नवी संगणकप्रणाली आणावी की नाही, हे कसे ठरवावे

कारखान्यात साठा, चलने आणि हिशेब एकत्र सांभाळणारी नवी संगणकप्रणाली आणण्याचा विचार बहुतेक वेळा विक्रेत्याच्या डेमोपासून सुरू होतो आणि तिथेच निर्णयाची दिशा चुकते. डेमोमधले आकडे विक्रेत्याने स्वतः भरलेले असल्यामुळे ते नेहमी जुळतात. म्हणून कोणताही डेमो पाहण्यापूर्वी निदान एक महिना आपल्याच कामाची नोंद ठेवण्यात घालवावा, असा माझा आग्रह असतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतली एखादी मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे धातूचे ओतकाम करणारा कारखाना, डोळ्यांसमोर आणू. ओतकाम आत होते, ओतलेला भाग म्हणजे कास्टिंग मशिनिंगसाठी (यंत्रावर मापात आणण्यासाठी) जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून देणाऱ्या दुसऱ्या कारखान्याकडे, बाहेर जाते, परत आल्यावर तपासणी होते आणि मग माल ग्राहकाकडे रवाना होतो. मालकांची तक्रार असते, “आपला माल नेमका कुठे पडलाय, तेच कळत नाही.” ही तक्रार खरी असली, तरी तेवढ्यावर लाखो रुपयांचा निर्णय घेता येत नाही. तिचे आकड्यांत रूपांतर करण्यासाठी माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच विभागात एक वही ठेवावी आणि काम जेव्हा जेव्हा अडेल, तेव्हा तारीख, कारण आणि वाया गेलेला वेळ एका ओळीत लिहावा. चलन (मालासोबत जाणारा कागद) सापडले नाही, जॉबवर्करकडे किती नग शिल्लक आहेत ते फोन करून विचारावे लागले, जुन्या ड्रॉइंगप्रमाणे माल गेला, अशा साध्या नोंदी पुरेशा आहेत.

महिनाअखेरीस या नोंदींचे दोन भाग करावेत. माहिती कुठेतरी लिहिलेली होती, पण ज्याला हवी त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचली नाही, हा पहिला भाग. आणि ती कुणी लिहिलीच नव्हती, हा दुसरा. पहिल्या प्रकारचा त्रास चांगली प्रणाली कमी करू शकते. दुसऱ्यावर तिच्याकडे इलाज नाही, कारण आज जो माणूस वहीत नोंद करत नाही, तो उद्या पडद्यावर करेल असे मानायला आधार नसतो. याची खात्री एका सकाळीत करता येते. स्टोअरमधल्या कोणत्याही ५० वस्तू निवडून प्रत्यक्ष मोजाव्यात आणि सध्याच्या एक्सेल फाइलशी ताडून पाहाव्यात. पाच-सहापेक्षा जास्त ठिकाणी फरक निघाला, तर प्रकल्प तूर्त थांबवून आधी आवक-जावक नोंदीची शिस्त बसवावी, असे मी सांगेन.

काही बाबतींत मात्र निवडीला वाव नसतो. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेलेल्या व्यवसायांना इतर व्यवसायांना दिलेल्या बिलांसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) बंधनकारक झाले. कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे आवश्यक आहे. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एक वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवला असे धरले जाते आणि कर व्याजासह भरावा लागतो. कायद्यापुरती ही सोय करणे भागच आहे. पण “कायद्याने करावेच लागते” या एका वाक्याच्या आडून भलामोठा प्रकल्प मंजूर करून घेतला जातो, तिकडे लक्ष ठेवावे.

आता पैशाचा हिशेब. समजा, चलने जुळवण्यात दोन कर्मचाऱ्यांचे रोज दोन-दोन तास जातात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,२०० तास होतात आणि तासाला १५० रुपयांप्रमाणे १,८०,००० रुपये. साठा आठ लाखांनी कमी ठेवता आला, तर ११ टक्के दराने ८८,००० रुपये व्याज वाचेल. चुकीचा माल गेल्याने महिन्यातून एकदा ११,००० रुपयांचा भुर्दंड बसतो, म्हणजे वर्षाला १,३२,०००. एकूण चार लाख. पहिल्या सहा महिन्यांत काहीच फायदा धरू नये. म्हणजे पाच वर्षांत १८ लाख. खर्चाच्या बाजूला प्रणाली वापरणाऱ्या आठ जणांसाठी दरमहा माणशी दीड हजार रुपये भाडे पाच वर्षांत ७.२ लाख, बसवणी आणि प्रशिक्षण पाच लाख, संगणक आणि नेटवर्क एक लाख, जुन्या नोंदी साफ करण्याची मजुरी एक लाख, असे १४.२ लाख होतात.

वरवर पाहता प्रकल्प फायद्याचा दिसतो. पण वाचलेल्या १,२०० तासांत ते दोघे दुसरे कोणते काम करणार, हे ठरलेले नसेल तर पगार तोच राहतो आणि ती बचत केवळ कागदावर उरते. ती वगळली की फायदा ९.९ लाखांवर येतो आणि प्रकल्प तोट्यात जातो. याउलट फक्त साठा आणि जॉबवर्क चलनांपुरती छोटी व्यवस्था चार-पाच लाखांत उभी राहत असेल, तर तेच ९.९ लाख तिच्यातून मिळू शकतात. म्हणून तुलना करताना पूर्ण प्रणाली, छोटी प्रणाली आणि आहे तसेच चालू ठेवणे असे तीन पर्याय शेजारी-शेजारी मांडावेत. तिसरा पर्याय कागदावरसुद्धा लिहिला जात नाही, हे मला फार खटकते.

प्रणाली आपल्या कामाच्या मूळ रीतीला बसते का, हा प्रश्न पैशाहून अवघड आहे. एका कारखान्यात मी हे जवळून पाहिले. तिथे कास्टिंग किलोवर विकत घेतले जाई आणि मशिनिंगनंतर नगावर विकले जाई. नव्या प्रणालीत मात्र एका वस्तूला एकच एकक देता येत होते. खरेदीपूर्वीच्या एकाही बैठकीला स्टोअरकीपरला बोलावले नव्हते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात लाल कापडी बांधणीची वही पुन्हा काढली, डाव्या पानावर किलो आणि उजव्या पानावर नग, आणि पुढे आठ महिने कारखाना त्या वहीवर चालला. हा दोष लहान कारखान्यांपुरता नाही. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्यावर २०१८ मध्ये सॅप या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आधारलेला प्रकल्प सोडून दिला. त्यांच्याकडे साठ्याचे मूल्य खरेदी किमतीने धरले जाई, तर सॉफ्टवेअरची मूळ मांडणी विक्री किमतीवर होती. तेव्हा विक्रेत्याला आपल्या पाच अवघड व्यवहारांची खरी कागदपत्रे द्यावीत आणि ते आपल्यासमोर, स्टोअरकीपरच्या देखत, करून दाखवायला सांगावेत.

त्याचबरोबर हा प्रकल्प आतून सांभाळणारा माणूस ठरवावा. कामाची खडान्‌खडा माहिती असलेला एक माणूस सहा महिने अर्धा दिवस तरी मोकळा करता येणार आहे का? येणार नसेल तर बाकी सगळे अनुकूल असूनही उत्तर नकारार्थी द्यावे. हा माणूस बाहेरून विकत घेता येत नाही.

मुहूर्तही पाहावा लागतो. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये नवी प्रणाली सुरू केली आणि हॅलोविनच्या ऐन हंगामात गोदामात माल असूनही तो दुकानांत वेळेवर पोहोचवता आला नाही. आपल्याकडे मिठाई, कापड किंवा भांड्यांचा व्यापार असेल तर दसरा-दिवाळीच्या आधीचे चार महिने वर्ज्य समजावेत. १ एप्रिल आरंभीच्या शिलकांसाठी सोयीचा असला, तरी वर्षअखेरीच्या कामात हिशेबनीस तेव्हा गुंतलेला असतो.

शेवटी सगळे एका पानावर लिहून मालकांसह हिशेबनीस, स्टोअरकीपर आणि डिस्पॅच प्रमुख यांच्या सह्या घ्याव्यात. निर्णय होकारार्थी असेल, तर कोणत्या तारखेपर्यंत किती खर्च झाला आणि काय चालू झाले नाही तर काम थांबवायचे, हेही त्याच पानावर असावे. कारण एकदा पैसे गुंतले की थांबण्याची भाषा कुणालाच रुचत नाही. नकार असेल तर पुन्हा विचार करण्याची तारीख लिहावी आणि तोपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या ५० वस्तूंची मोजणी चालू ठेवावी.