पॉवर्ड मिक्सर: जोडणी, गेन आणि शिट्टीचा बंदोबस्त

पॉवर्ड मिक्सर म्हणजे मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत. वायरींचा पसारा कमी होतो, म्हणून छोट्या कार्यक्रमांना ही पेटी सोयीची पडते. पण ‘सगळं आतच आहे, वायरी खोचा आणि सुरू करा’ हा जो सल्ला सर्रास मिळतो, त्यानेच ट्विटर (स्पीकरमधला बारीक, उंच आवाजाचा भाग) जळतात, आवाज फाटतो आणि माईक कार्यक्रमभर किंचाळत राहतात. जोडणी पंधरा-वीस मिनिटांत होते. उरलेला वेळ गेन (माईकचा सिग्नल किती वाढवायचा ते) आणि शिट्टी (माईकची किंचाळी, म्हणजे फीडबॅक) यांसाठी राखून ठेवा.

स्पीकर आणि त्यांच्या वायरी

मागच्या ‘स्पीकर आउट’मधून अ‍ॅम्पची पूर्ण ताकद बाहेर पडते. तिथे फक्त पॅसिव्ह स्पीकर लागतात. अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, म्हणजे ज्याच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प आहे तो, इथे जोडलात तर त्याचं इनपुट उडू शकतं. त्याच्यासाठी ‘मेन आउट’ किंवा ‘लाइन आउट’ वेगळं दिलेलं असतं.

स्पीकरला गिटारची केबल लावू नका. दोन्हीकडे सारखीच मोठी जॅक पिन असते, म्हणून घोटाळा होतो. शंका आली तर पिनचं टोपण फिरवून उघडा. आत सारख्या जाडीच्या दोन तारा दिसल्या तर ती स्पीकरची वायर. एक बारीक तार आणि पिळून डकवलेली जाळी दिसली तर ती गिटारची. ही बारीक तार अ‍ॅम्पच्या करंटने तापते, आवरण मऊ पडलं की शॉर्ट होते, आणि मग भुर्दंड अ‍ॅम्पला. दहा-पंधरा मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते, त्यापुढे २.५ची घ्या. स्पीकॉन कनेक्टर (फिरवून अडकवायचा स्पीकरचा प्लग) असेल तर तोच वापरा आणि फिरवल्यावर खटका लागल्याची खात्री करा. अर्धवट बसलेला स्पीकॉन ऐन कार्यक्रमात निसटतो.

आता ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध. मिक्सरच्या मागे कमीत कमी किती ओहमचा लोड चालेल ते लिहिलेलं असतं, बहुतेकदा ४ ओहम. अ‍ॅम्पच्या एका चॅनलवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की ४ ओहम होतात, तीन लावले की २.७, चार लावले की २. एकाच चॅनलला दोन सॉकेट दिलेली असली तरी ती आतून बहुधा समांतरच असतात, त्यामुळे ‘दोन भोकं आहेत म्हणजे दोन अ‍ॅम्प आहेत’ असं समजू नका. लोड मर्यादेखाली गेला की अ‍ॅम्प तापून मध्येच बंद पडतो, आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होतो म्हणून दोष सापडत नाही. ब्रिज मोडमध्ये (अ‍ॅम्पचे दोन चॅनल जोडून एक करतात तेव्हा) ही मर्यादा आणखी वरची असते. ती वाचल्याशिवाय त्या स्विचला हात लावू नका.

त्याच भागात अ‍ॅम्पचा मोड निवडायचा स्विच असतो: दोन्ही बाजू मेनला (प्रेक्षकांकडचे स्पीकर), किंवा एक बाजू मेन आणि दुसरी मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर). ‘एक स्पीकर गेला’ म्हणून वायरी बदलत बसणाऱ्यांनी आधी हा स्विच पाहावा. तो मॉनिटरवर राहिलेला असतो आणि मॉनिटरचा नॉब शून्यावर.

वीज

मिक्सर, कीबोर्ड, लॅपटॉप, सगळ्यांना वीज एकाच ठिकाणाहून द्या. घरघर येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, तो माईक धरणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर थांबली तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) घाला आणि त्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबा. पेटीच्या पंख्याच्या जाळीवर कापड किंवा बॅग टाकू नका.

माईक, वाद्यं, मोबाइल

माईक एक्सएलआरमध्ये (तीन पिनांचं गोल सॉकेट), कीबोर्ड लाइन इनपुटमध्ये. अ‍ॅकॉस्टिक गिटारचा पिकअप डीआय बॉक्समधून, किंवा मिक्सरवर हाय-झेडचं (Hi-Z) बटण असेल त्या चॅनलमध्ये.

मोबाइलची वायर मात्र हमखास चुकते. हेडफोनच्या भोकातून निघालेली स्टीरिओ वायर एका मोनो बॅलन्स्ड इनपुटमध्ये खोचली तर मिक्सर डाव्या आणि उजव्या बाजूतला फरक तेवढा उचलतो. गाण्यात गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, त्यामुळे तोच कापला जातो: वाद्यं वाजतात, गाणारा गायब. ट्रॅक खराब नाही, वायर चुकीची आहे. एका टोकाला छोटी स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पिना अशी वायर घ्या आणि ती स्टीरिओ चॅनलला लावा. फोन फ्लाइट मोडवर.

फँटम पॉवर (माईकच्या केबलमधूनच जाणारी ४८ व्होल्टची वीज) फक्त कंडेन्सर माईक आणि अ‍ॅक्टिव्ह डीआयसाठी. छोट्या मिक्सरवर ते एकाच बटणाने सगळ्या चॅनलना जातं. बॅलन्स्ड केबलवरच्या डायनॅमिक माईकला त्याने काही होत नाही, पण जुने रिबन माईक आणि एक्सएलआरमध्ये कशीतरी जुळवून खोचलेली इतर उपकरणं खराब होऊ शकतात. बटण चालू-बंद करताना चॅनल म्यूट ठेवा.

पेटी चालू करताना सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायचे नॉब) खाली, बाकीची उपकरणं आधी, पॉवर्ड मिक्सर शेवटी. बंद करताना तोच पहिला.

गेन

गेन आणि फेडर ही दोन्ही आवाज वाढवायची बटणं आहेत असं समजून चालणारा माणूस दिवसभर गोंधळतो. गेन ठरवतो की माईकचा अगदी दुबळा सिग्नल मिक्सरच्या आत किती उंच न्यायचा. फेडर ठरवतो की त्यातला किती बाहेर सोडायचा.

गायकाला सगळ्यात चढ्या ओळी गायला लावा. ‘हॅलो, चेक’वर लावलेला गेन निरुपयोगी, कारण कार्यक्रमात माणूस चाचणीपेक्षा जोरातच गातो. पीकचा लाल दिवा सर्वांत जोराच्या सुरावर क्षणभर लुकलुकला की गेन थोडा मागे घ्या आणि सोडून द्या. मग चॅनलचा फेडर शून्याच्या खुणेवर आणा आणि एकूण आवाज मास्टरने ठरवा. फेडर शून्याच्या आसपास असला की बोटाच्या छोट्या हालचालीने दोन-तीन डेसिबलच फरक पडतो. तळाशी असला तर तेवढ्याच हालचालीने आवाज एकदम उसळतो किंवा नाहीसा होतो. गेन जास्त आणि फेडर तळाला, अशी मांडणी दिसली की समजावं, इथे रात्रभर आवाज फाटणार.

मॉनिटरचे सेंड (मॉनिटरकडे जाणारे सिग्नल) गेनच्या नंतर निघतात. म्हणून मॉनिटर लावून झाल्यावर गेन हलवलात तर गायकाच्या समोरचा आवाजही बदलतो, आणि कधीकधी तिथूनच शिट्टी सुरू होते.

बोलण्या-गाण्याच्या प्रत्येक माईकवर लो-कट (८० किंवा १०० हर्ट्‌झचं बटण) दाबून ठेवा. त्याने स्टेजवरची धपधप आणि ‘प’, ‘ब’ची फुंकर जाते.

शिट्टी

इथे बहुतेक जण थेट ग्राफिक इक्वलायझरकडे (आवाजाचा एकेक पट्टा वेगळा वर-खाली करायची सोय) धावतात. तो उपाय शेवटचा आहे. शिट्टी होते कारण स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून मोठा होऊन निघतो आणि हे चक्र थांबत नाही. ते जिथे तुटतं ती जागा जमिनीवर आहे, पेटीवर नाही.

मेन स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, ट्विटर बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर. गायकाच्या मागे उभे केलेले स्पीकर कोणत्याही इक्वलायझरने दुरुस्त होत नाहीत. स्पीकर कोपऱ्यात सरकवले की बेस फुगतो आणि घुमण्याची शिट्टी लवकर येते.

मॉनिटर कुठे ठेवायचा हे माईकच्या जातीवर ठरतं. कार्डिऑइड माईक आपल्या बरोबर मागच्या दिशेला बहिरा असतो, म्हणून मॉनिटर माईकच्या शेपटीच्या रोखात ठेवा. सुपरकार्डिऑइड मागून थोडं ऐकतो. त्याच्या बहिऱ्या जागा पुढच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना सुमारे १२६ अंशांवर असतात, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर मध्ये न ठेवता थोडा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा. माईक कोणता ते डब्यावर किंवा माहितीपत्रकात असतं. ते न पाहता ‘मॉनिटर समोरच ठेवतात’ म्हणून ठेवणं हे निम्म्या शिट्ट्यांचं कारण आहे.

तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल पडतो. ५ सेंटिमीटरवर गाणारा १० सेंटिमीटरवर गेला की ती तूट गेनने भरावी लागते आणि तेवढेच ६ डेसिबल शिट्टीच्या जवळ जाता. वक्त्याने माईक छातीशी धरायचा आणि ‘आवाज वाढवा’ म्हणायचं, याला माझ्याकडे तरी उपाय नाही. माईक तोंडाजवळ न्या. जाळीला मुठीने झाकलं तर माईकची दिशा ओळखण्याची ताकदच जाते आणि तो चारी बाजूंनी ऐकू लागतो. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची जागा आणखी ३ डेसिबलने घटते, म्हणून जो वापरात नाही तो म्यूट.

एवढं केल्यावर ग्राफिककडे या. सगळे माईक आपापल्या जागी, चॅनलचे फेडर शून्याच्या खुणेवर, ग्राफिक सपाट, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) बंद. मास्टर सावकाश वर न्या. पहिली शिट्टी सुरू होईल तिथे थांबा आणि किंचित मागे या, म्हणजे ती वाढणार नाही, पण रेंगाळत राहील. आता ती कोणत्या पट्टीत आहे ते कानाने ओळखा. तो सूर छातीतून सहज गुणगुणता आला तर १२५ किंवा २५० हर्ट्‌झ. आवाज चढवून कसाबसा लागला तर ५००. तोंडाने शीळ घालूनच जुळला तर १ किंवा २ किलोहर्ट्‌झ. शीळही पोचेना, तर ४ किंवा ८. पेटीवर साधारण हेच सात पट्टे असतात.

संशय असलेला पट्टा ३ डेसिबल खाली ओढा. शिट्टी विरली तर बरोबर. काहीच फरक पडला नाही तर तो पट्टा लगेच शून्याच्या खुणेवर परत न्या आणि शेजारचा बघा. इथेच आळस होतो: चुकीचे पट्टे खाली तसेच राहतात आणि थोड्या वेळात सातही पट्टे तळाला गेलेले असतात. सात पट्ट्यांतला प्रत्येक पट्टा जवळपास एक सप्तक व्यापतो, त्यामुळे सगळेच खाली ओढणं म्हणजे मास्टर कमी करण्यासारखंच आहे, वर आवाज पेटीत कोंडल्यासारखा होतो तो वेगळाच.

पुन्हा मास्टर वर, दुसरी शिट्टी, पुन्हा ३ डेसिबल. दोन-तीन शिट्ट्या एकदम सुरू झाल्या की थांबा. त्यापुढे ग्राफिकमधून काही मिळत नाही. आता मास्टर ६ डेसिबल खाली घ्या. ही मोकळी जागा ठेवायचीच, कारण कार्यक्रमात कुणीतरी माईक हातात घेऊन स्पीकरसमोरून जाणारच. एवढ्यावर आवाज पुरत नसेल तर स्पीकर पुढे न्या किंवा तोंड माईकजवळ आणा. पट्टे वर चढवून आवाज काढू नका.

मॉनिटरसाठी वेगळा ग्राफिक असेल तर हेच सगळं मॉनिटरवर स्वतंत्रपणे करा. मॉनिटरमध्ये रिव्हर्ब सोडू नका. भाषण सुरू होताच मेनमधलाही बंद करा. त्यासाठी फूटस्विच असतो.

कार्यक्रम चालू असताना

हॉल भरल्यावर माणसांच्या अंगावर वरच्या पट्टीचा आवाज मुरतो. तेव्हा मास्टर एक-दोन डेसिबल वर नेलात तरी चालतं. अ‍ॅम्पचा क्लिप किंवा लिमिटचा दिवा अधूनमधून लुकलुकला तर ठीक. सतत पेटून राहिला तर मास्टर खाली. क्लिप झालेला आवाज ट्विटरलाच मारतो.

ऐनवेळी शिट्टी आली तर ज्या माईकमधून येते त्याचा फेडर जरा खाली घ्या. तो सापडेना तर मास्टर. त्या क्षणी ग्राफिकचे पट्टे चाचपत बसू नका.

काम संपल्यावर पेटी बंद करून काही सेकंद थांबा, मग स्पीकरच्या वायरी काढा. ग्राफिकचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. त्याच हॉलमध्ये, तेच स्पीकर त्याच जागी लागणार असतील तर पुढच्या वेळी तिथून सुरुवात करता येते. जागा किंवा माईक बदलले असतील तर पट्टे सपाट करून पहिल्यापासून.