कॉमेडी सिरीयलमधलं घर कसं वाचायचं

सोशिऑलॉजीच्या पोरापोरींना कुठले ना कुठले सर हा विषय देतातच, बदलती कुटुंबव्यवस्था आणि टीव्ही, आणि मग सगळे तेच लिहितात की पूर्वी एकत्र कुटुंब होतं आता विभक्त झालं, झालं प्रोजेक्ट. अरे पण सिरीयल बघितली का? ज्यांना खरंच बघून लिहायचंय, किंवा नुसतं जेवताना जरा डोकं लावून बघायचंय, त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगतो.

पहिल्यांदा माणसं मोजत बसू नका, घराचा नकाशा काढा. वहीच्या मागच्या पानावर हॉल कुठं, किचन कुठं, कोण कुठल्या खोलीत झोपतंय, आणि मेन म्हणजे घर कुणाच्या ताब्यात. खिचडी घ्या, 2002 ची, स्टार प्लसवरची. पारेख मंडळींना जुनं घर विकून वेगळं व्हायचंय आणि घरातले थोरले बाबूजी, त्यांचं म्हणणं, जे काय करायचं ते मी गेल्यावर करा. म्हणजे हे एकत्र कुटुंब मायेनं नाही तर प्रॉपर्टीनं बांधलंय, आणि हे ते हसत हसत सांगून मोकळे होतात. मग 2004 ला साराभाई वर्सेस साराभाई आली, तिथं आईबाप एका फ्लॅटमध्ये, मुलगा-सून साहिल-मोनिशा समोरच्या फ्लॅटमध्ये. दारं दोन, पण सासू माया कधीपण येऊन मोनिशाला मिडल क्लास म्हणून टोमणा मारून जाणार. कागदावर विभक्त, वागण्यात एकत्र. आमच्या सोलापुरात, जुळे सोलापूर भागात असली घरं किती दाखवू, वर मुलगा खाली आईबाप, गॅस दोन पण कडक भाकरीचा डबा एकच.

नकाशा झाला की दुसरं, हसू कुणावर पडतंय ते बघायचं. माझ्या मते खरा बदल इथंच सापडतो, घरात किती माणसं यात नाही. नव्वदच्या दशकातली तू तू मैं मैं, रीमा लागू सासू आणि सुप्रिया पिळगावकर सून, दोघी एकीला एक भारी आणि मधे नवऱ्याचं भरीत. हम पाँच 1995 ची, अशोक सराफ बाप, पाच पोरी, आणि वारलेली पहिली बायको फोटोतून बोलतेय, तिथं पाच पोरी झाल्या म्हणून कुणी पोरींची कीव करत नाही, सगळी फजिती बापाची. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. मग आपले श्रीयुत गंगाधर टिपरे, 2001 चे. दिलीप प्रभावळकरांचे आबा घरातले सगळ्यात थोरले पण हुकूम सोडत नाहीत, रोजनिशी लिहितात आणि नातवंडांचं बघून स्वतःच चकित होतात. आणि 2019 ची अग्गंबाई सासूबाई, प्युअर कॉमेडी नाही म्हणा, पण सून सासूचं लग्न लावते आणि आपण हसतो ते आईच्या जिवावर आयता बसलेल्या बबड्याला. नवरा, बाप, आजोबा, मुलगा असं हसू कुठनं कुठं सरकलं ते वर्षासकट लिहून काढा, अर्धं प्रोजेक्ट तिथंच झालं.

आता एक सावधगिरी. सगळे सारखे एका हॉलमध्ये का जमतात? कारण सेट एकच, रोजचं शूटिंग तिथंच उरकायचं असतंय. त्यामुळं सिरीयलमध्ये माणसं एकत्र राहतात म्हणून समाजातही राहतात असं लगेच लिहू नका. 2015 ची दिल दोस्ती दुनियादारी बघा, सोफा तोच, भांडणं तीच, पण माजघर नावाच्या त्या फ्लॅटमध्ये कुणी कुणाचं नातेवाईक नाही. इंग्लिशमधलं हवं असेल तर मॉडर्न फॅमिली, 2009 ते 2020, एकाच खानदानाची तीन घरं दाखवलीत, त्यातल्या एका घरात दोन पुरुष आणि त्यांची दत्तक मुलगी. बास, तेवढं पुरे.

तिसरं काम कुणी करत नाही, आणि मला तेच आवडतंय. बघितलेलं आपल्या गल्लीला लावून बघा. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात जा, एखाद्या घरात मागाची खडखड, घरात तेलुगू, दारात मराठी, आणि उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन बाई विड्या वळतेय. पानं-तंबाखू घरी आणायची आणि वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या, तिच्या पैशावर घर चालायलंय कधीपासून. सिरीयलवाल्यांना कमावती सून म्हटलं की लॅपटॉपची बॅगच दिसते. तिचाच पोरगा पुण्यात आयटीत, सुट्टी बघून हुतात्मा एक्सप्रेसनं येतो, बाकी दिवस व्हिडिओ कॉलवर जेवला का, जेवलो. आता या घराला एकत्र म्हणायचं का विभक्त? वहीत त्याच्यासाठी एक कॉलम करा आणि कुठल्या सिरीयलमध्ये असलं घर सापडतंय ते शोधा, बराचसा कॉलम रिकामाच राहील, पण तो रिकामा कॉलमच सरांना दाखवा.

एपिसोड निवडताना पहिला एक घ्या आणि बऱ्याच वर्षांनंतरचा एक. तारक मेहता 2008 ला सुरू झाली आणि 2017 पासून त्यातली जेठालालची बायको दया नाही, कारण ते काम करणारी दिशा वकानी सुट्टीवर गेली ती परत आलीच नाही. कथेत ती माहेरी. म्हणजे आजोबा, बाप, पोरगा असं तीन पिढ्यांचं बिनबाईचं घर रोज टीव्हीवर चालू आहे, आणि कुणी त्याला बदलतं कुटुंब म्हणायला तयार नाही. त्या काळातला एखादा एपिसोड लावा आणि चंपकचाचांचा चहा कोण करतंय तेवढं बघून लिहा.